डाव्या बाजूची काच

२० नोव्हेंबर १९८८, रविवार

धुळ्याला जाऊन अपमान करून घेऊन आलो. सोनवणे मॅडमनी स्लाइड बघायच्या दोन भिंगांच्या खोक्यात सरकवली, दोन्ही डोळे भिंगांना लावले आणि म्हणाल्या, "अभिमनभाऊ, हा डोळा आहे की बुरशी आलेली भाकरी?"

चिंधा कंपाउंडर तोंड फिरवून हसला.

हे लोढणं मीच गळ्यात बांधून घेतलं आहे. मॅडमचा धुळ्यात डोळ्यांचा दवाखाना. डोळ्याच्या आतला फोटो काढायचा एक जुना कॅमेरा त्यांनी मुंबईहून आणला, तो बिघडला की त्या मला, जळगावच्या फोटोवाल्याला, बोलावतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथून नस मेंदूकडे जाते तिथे एक खळगा असतो. काचबिंदू झाला की तो खोल होत जातो. साध्या फोटोत खळगा दिसतो, पण किती खोल ते कळत नाही, म्हणून मॅडमना थ्रीडी फोटो पाहिजे. आधी त्या कॅमेरा जरासा सरकवून दोन फोटो काढत. तेवढ्यात पेशंट डोळा हलवायचा आणि दोन चित्रांचा जोड जमायचा नाही. दिवाळीआधी मी फुशारकीने म्हणालो, दोन्ही चित्रं एकाच वेळी, एकाच फ्रेमवर घेऊन दाखवतो.

घेतली. जुन्या दुर्बिणीतली दोन प्रिझम कॅमेऱ्यापुढे बसवली. पण एका फ्रेमच्या दोन वाटण्या झाल्या म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला अर्धीच फिल्म येते. मोठं करून पाहिलं की सगळे कण कण.

त्यात डावीकडचं चित्र कडेने काळवंडलेलं. मॅडम त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. मी दुखावेन म्हणून बोलल्या नसतील.

डोळा माझाच होता. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पेशंटला ताटकळत ठेवायचं आणि हाती अशी भाकरी द्यायची, हे मॅडमना पटत नाही. मग मीच बसतो. चिंधा थेंब घालतो, फोकस करतो, बटण दाबतो. मॅडम तोवर बाहेर पेशंट तपासतात. डावाच डोळा देतो, कारण उजव्याने मला दुकानात काम करायचं असतं.

घरी आलो तर दाराशी बादलीला पाय लागून पाणी सांडलं. बायकोला, कमलला, म्हटलं, ही बादली रोज नव्या जागी ठेवतेस. ती म्हणाली, "आपण पिंप्राळ्यात राहायला आलो तेव्हापासून ती तिथंच आहे."

बायकांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी दुकान कमलवर सोपवून झुलालच्या वर्कशॉपला गेलो. झुलाल भडगावचा, माझ्या शाळेतला. त्याच्या लेथवरच प्रिझमची पितळी चौकट केली आहे. सोमवारी दोन्ही प्रिझमची अदलाबदल करून दुकानातल्या कॅमेऱ्याने एक नवी स्लाइड काढली होती. डावं खराब असेल तर आता काळेपणा उजवीकडे जायला हवा.

नवी स्लाइड खोक्यात घालून पाहिली. काळेपणा डावीकडेच.

म्हणजे प्रिझम चांगली आहेत, खोक्याचं भिंग खराब. भिंगांची अदलाबदल केली. तरी डावीकडेच. मग बल्बचा उजेड एकीकडे कमी पडत असणार. बल्ब सरकवला. काही फरक नाही. वैतागून खोकं झुलालपुढे आपटलं.

त्याने निवांत पाहिलं. "माले ते दोन्हीबी सारखाच दखातस."

"तुले चष्मा लागना व्हई," मी म्हटलं.

"चष्मा लाईसनच दखी ऱ्हायनू," तो म्हणाला.

चष्मा खरंच नाकावर होता. पण ज्याचं आयुष्य लोखंड कातण्यात गेलं त्याला उजेडातला बारीक फरक काय कळणार?

४ डिसेंबर, रविवार

बारीक कणांची फिल्म मुंबईहून मागवली होती, ती आली. ही फिल्म मंद असते, तिला उजेड जास्त लागतो. फ्लॅश वाढवला. एकेका फोटोनंतर डोळ्यातून नुसतं पाणी. चिंधा म्हणतो, "भाऊ, रडू नका, फोटो बिघडतो."

कण गेले, पण चित्र मऊच आलं. रक्तवाहिन्या दोऱ्यांसारख्या हव्यात, त्या लोकरीसारख्या दिसतात. मी जिद्दीने इथवर आलो आणि दोष कुठे आहे तेच सापडत नाही.

मॅडमचं आज लक्ष नव्हतं. शिरपूरकडच्या एका म्हातारीला, भिकुबाईला, तिच्या मुलाने आणलं होतं. मोतीबिंदू काढला की दिसेल अशा आशेने आली होती. मी कॅमेऱ्याजवळ खटपट करत होतो, तर माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "डोयाना फोटो काय काढतस भाऊ? तोंडना काढ. मरी गऊ ते भितवर टांगाले व्हई."

तिचा मोतीबिंदू नव्हताच. मॅडमनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही डोळ्यांच्या नसा वाळल्या, आता काही करता येणार नाही. मुलगा म्हणाला, कालपर्यंत ती घरात सगळीकडे फिरायची. मॅडम म्हणाल्या, सवयीने फिरत होती.

ती गेल्यावर मॅडम माझ्यावर घसरल्या. "मला सुरुवातीला दिसायला पाहिजे, भाऊ. खळगा थोडा खोल झाला, तेव्हा. तुमच्या चित्रात विहीर असली तरी मला दिसायची नाही."

मी चौकटीचे स्क्रू आणखी आवळले.

१५ डिसेंबर, गुरुवार

आजचा दिवसच खोटा. मेहरूणच्या लग्नाचे फोटो द्यायला गेलो तर नवरदेवाचा बाप चिडला. ग्रुप फोटोत डाव्या टोकाला उभे असलेले मामा निम्मे कापले गेले होते. म्हणे, मामा रुसून बसले आहेत. एवढी गर्दी, प्रत्येक जण ढकलतोय, त्यात मी कोणाकोणाकडे बघू?

परत येताना स्कूटर हातगाडीला घासली. डावीकडून ती कुठून उगवली कळलं नाही. केळी रस्त्यावर पडली, गाडीवाला बोलला, लोक जमले.

कमलने गुडघ्याला हळद लावली. म्हणाली, "तुम्ही एकदा डोळे दाखवून घ्या."

मी म्हटलं, "दर रविवारी डोळ्याच्याच दवाखान्यात जातो. अजून किती दाखवू?"

१ जानेवारी १९८९, रविवार

धुळ्याला गेलो नाही. हे काम सोडून द्यावं असं फार वाटतंय. दीड महिना झाला, चित्र जिथल्या तिथे. आतली नळी काळी केली, उजेडाची चकाकी गेली, तरी मऊपणा आहेच. गिऱ्हाइकं पासपोर्ट फोटोसाठी ताटकळतात आणि मी डार्करूममध्ये दुसऱ्यांचं संशोधन करत बसतो.

कमल स्पष्ट बोलली. "हे मॅडमसाठी आहे का तुमच्यासाठी?"

"म्हातारीसारख्या माणसांसाठी आहे."

"ती म्हातारी भेटायच्या आधीपासून तुम्ही असेच वागताय."

खरं आहे. कोणी विचारलं तर सांगायची नाही अशी गोष्ट इथे लिहितो. वीस वर्षं लोकांना 'हनुवटी वर, डोळे मिटू नका' सांगून मी कंटाळलो आहे. मला एकदा असं काहीतरी करायचं आहे जे जळगावात दुसऱ्या कोणाला जमलं नाही. थ्रीडी सिनेमा आला होता तेव्हा सगळं थिएटर खुर्चीत मागे सरकत होतं, किंचाळत होतं. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. तेव्हाच म्हटलं होतं, याहून चांगलं मी करीन.

९ जानेवारी, सोमवार

सापडलं.

रेल्वेचं वेळापत्रक भिंतीला चिकटवून, प्रिझमची चौकट दुकानातल्या कॅमेऱ्याला लावून मी त्याचे फोटो घेत असतो, किती बारीक अक्षर वाचता येतं ते पाहायला. आज चौकट साफ करताना एक स्क्रू सैल राहिला आणि नेमकं त्याच वेळी अक्षर उमटलं. मग दुसरा सैल केला. आणखी स्वच्छ. इतके दिवस प्रिझम हलू नयेत म्हणून मीच स्क्रू पिळत होतो, आणि त्या दाबाने काच किंचित वाकत होती. काच वाकते हे मी पुस्तकात वाचलेलं, पण स्वतःच्या हातून वाकवतोय हे लक्षात आलं नाही.

आता सायकलच्या ट्यूबचे पातळ तुकडे खाली घातले आणि स्क्रू हलक्या हाताने बसवले. तळटिपेचं अक्षरसुद्धा वाचता आलं. भुसावळला पॅसेंजर किती वाजता पोहोचते ते भिंगातून दोनदा वाचलं.

डावीकडचा काळेपणा तेवढा आहे. असू दे. जेवताना कमलला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, भाजी वाढली.

२२ जानेवारी, रविवार

नीट लिहायला हवं.

गेल्या रविवारी चिंधाने माझ्या डोळ्याचे नवे फोटो घेतले. रोल मी घरी धुतला. रक्तवाहिन्या नखाने टिपता येतील अशा. आज स्लाइड घेऊन गेलो. दुपारचे पेशंट आटोपले होते. मॅडम उभ्यानेच खोक्यावर वाकल्या. मग खुर्ची ओढून बसल्या.

"अभिमनभाऊ," त्या म्हणाल्या, "जमलं तुम्हाला."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी चिंधाकडे पाहिलं, तोही खूश होता. मॅडम बराच वेळ भिंगांना डोळे लावून होत्या. मग त्यांचा आवाज बदलला.

"चिंधा, या वेळी पेशंटला बसवलंस का? कोण हा? याची नस निम्म्याच्या वर गेलीय. केसपेपर आण. याला कोणी तपासलं? मला का नाही दाखवलं?"

चिंधाने माझ्याकडे पाहिलं.

"अरे, मी काय विचारतेय?"

"मॅडम, तो माझाच डोळा," मी म्हणालो.

त्यांनी खोक्यावरून डोकं वर काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी उगाच हसलो. त्या हसल्या नाहीत. हात धरून मला आत नेलं, डोळ्यातला दाब मोजला. मग भिंतीवर काळा पडदा होता, त्याच्यासमोर बसवलं. उजवा डोळा झाकला. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची, मॅडम काठीच्या टोकावर पांढरी टाचणी कडेकडून आणतील, दिसली की 'आली' म्हणायचं.

मी वाट पाहत बसलो. मला वाटलं, त्या अजून टाचणी शोधतायत.

"आली," शेवटी मी म्हणालो.

चिंधा माझ्या मागे उभा होता. हळूच म्हणाला, "भाऊ, केव्हाची आलीय."

उजव्याचाही थोडा भाग गेला आहे. डाव्याचा बहुतेक. मधलं तेवढं शिल्लक, म्हणून बारीक अक्षर वाचता येतं आणि बादली दिसत नाही. डावीकडच्या चित्राचा काळेपणाही माझ्याच डोळ्यातला.

मॅडमनी विचारलं, घरात कोणाला होतं का. मी सांगितलं, वडिलांना, आबांना, म्हातारपणी दिसेनासं झालं, पण ते गुऱ्हाळाच्या धुराने. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, "दर रविवारी तुम्ही माझ्यासमोर बसत होतात आणि मी तुमच्या चित्रांना नावं ठेवत होते."

मला त्यांचा राग आला. माझाही आला. बसमध्ये खिडकी डावीकडे होती, मान पूर्ण वळवल्याशिवाय बाहेरचं दिसत नव्हतं. ही मान मी किती दिवस अशी वळवतोय कोण जाणे.

२९ जानेवारी, रविवार

आठवडाभर हिशेब मांडत होतो. प्रिझम एकमेकांपासून जरुरीपेक्षा लांब बसली असतील तर खोली फुगून दिसते. हा यंत्राचा दोष असू शकतो. टाचणीचं काय, माणूस घाबरला की त्याला दिसत नाही.

मॅडमना तसं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग त्याच यंत्राने, त्याच रोलवर दुसऱ्या कोणाचा तरी डोळा घ्या."

कमल बरोबर आली होती. तिने आपणहून हनुवटी टेकवली. थेंबांनी डोळे चुरचुरले तरी हलली नाही. मॅडमच्या अंधाऱ्या खोलीतच रोल धुतला, पंख्याखाली वाळवला.

तिचं चित्र आधी पाहिलं. उथळ, पसरट, थाळीत अंगठा दाबावा एवढा खळगा. मग माझं. शेजारी शेजारी, त्याच फिल्मवर, त्याच प्रिझममधून.

इतकं स्वच्छ चित्र मी आयुष्यात काढलं नव्हतं. जरा कमी स्वच्छ आलं असतं तर मी अजून महिनाभर भांडलो असतो.

कमलने विचारलं, "काय दिसलं?"

मी म्हटलं, "तुझा डोळा चांगला आहे."

ती बाहेर जाऊन बाकावर बसली. मी गेलो तेव्हा पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, थेंबांचं पाणी आहे.

१९ फेब्रुवारी, रविवार

डाव्याचं ऑपरेशन झालं. आतलं पाणी निघायला बारीक वाट करून दिली आहे, म्हणजे दाब उतरेल. उजव्याला रोज थेंब. मॅडमनी मला खोटी आशा लावली नाही. "गेलंय ते येणार नाही. आहे ते राखायचं."

पट्टी काढल्यावर मला वाटलं होतं थोडा तरी फरक पडेल. नाही पडला. मुकाट्याने थेंब घालून घेतले.

झुलाल भेटायला आला.  निघताना म्हणाला, "चष्मानं मनवर लेऊ नको. मी ते कव्हयच इसरी गऊ." मी त्याला चष्म्यावरून बोललो होतो ते तो विसरलाय असं सांगायचं होतं त्याला. मला मात्र तोंड वर करवलं नाही.

५ मार्च, रविवार

मॅडम म्हणाल्या होत्या, हे रक्तात चालतं, भावाला पाठवा. म्हणून वनाला तीनदा निरोप धाडला. वना माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, भडगावला आमची शेती तोच करतो. तिन्हीदा एकच उत्तर, कापूस वेचणीला आलाय.

या दिवसांत कसला कापूस?

स्कूटर कमलने बंद करायला लावली. दुकानात ग्रुप फोटो आता तीच काढते. मी शेजारी उभा राहून सूचना देतो, ती ऐकत नाही, आणि फोटो चांगले येतात. याचाही राग येतो.

१९ मार्च, रविवार

खोकं पिशवीत घालून स्वतःच भडगावला गेलो. वना ओट्यावर पाय सोडून बसला होता.

"माले बठ्ठं दखास नाना. गिरनाना पल्याडना बैल मोजी दाखाडू का?"

"मीबी हाईच सांगत व्हतू," मी म्हटलं.

"तुनं येगळं शे. तू अंधारामा काम करस."

आबांचंही काढलं. म्हणाला, आबा नव्वदीला टेकले होते. नव्हते टेकले. आबा पासष्टीत चाचपडत होते आणि आम्ही दोघं धुराला दोष देत होतो. मी तसं म्हणालो तर तो उठून गोठ्यात निघून गेला. आवाज चढला माझा. शेजारी डोकावले. निघावं म्हणून पिशवी उचलली.

वनाची बायको बेबा चहा घेऊन आली. तिने विचारलं, पिशवीत काय आहे. मी खोकं उघडलं, वायर घरातल्या बोर्डाला लावली आणि कमलचा डोळा दाखवला. मग स्लाइड बदलून माझा.

ती पुन्हा पुन्हा पाहत होती. "हाई अक्कानी ते वाटी शे," ती म्हणाली. "नि हाई तुमनी... हाई ते विहीर शे, दादा."

मी मान हलवली.

तिने गोठ्याकडे तोंड करून हाक मारली. आवाज काही मोठा नव्हता. "आयकतस का? आईतवारले धुये जानं शे तुमले."

 

२६ मार्च, रविवार

वना आला. पांढरी टोपी, नवा सदरा, लग्नाला आल्यासारखा. आधी दाब मोजला, तो जास्त निघाला. मग फोटो. वना सारखा डोळा हलवत होता, चिंधाला फोकस नीट जमेना, मला डाव्या कडेचं उमगेना. शेवटी कमलने केला. बटणही तिनेच दाबलं.

रोल धुऊन होईपर्यंत वना काळ्या पडद्यासमोर बसला होता. टाचणी शिरली रे शिरली की "उनी" म्हणायचा. एकाच कोपऱ्यात दोनदा चुकला.

स्लाइड मॅडमनी पाहिली, मग मला खोकं दिलं. कमलच्यापेक्षा खळगा खोल होता, पण कडा सगळीकडून शाबूत होती. मॅडम म्हणाल्या, "आत्ता सुरुवात आहे. थेंब सोडले नाहीत तर शेवटपर्यंत शेत बघेल."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. आधी हेवा वाटला. माझ्या प्रिझममधून, माझ्या स्क्रूंमधून त्याला वेळेत सापडलं आणि मला नाही. हे मी मॅडमना, कमलला, कोणालाच बोललो नाही. पुन्हा एकदा पाहिलं, कडा कुठे तुटली आहे का म्हणून. कुठेच नव्हती. तेव्हा कुठे खोकं खाली ठेवलं.

वनाला सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ टोपी हातात फिरवत होता. मग विचारलं, "रोज थेंब? जनमभर?"

"जनमभर."

"नि तुनं?"

"मनं आते इतलंच ऱ्हाई."

 कमल औषधं घ्यायला थांबली, आम्ही दोघं स्टँडकडे निघालो. रविवारचा बाजार, टांगे, सायकली, हातगाड्या. वना माझ्या उजवीकडून बोलत चालला होता, यंदा केळीला पाणी पुरेल का म्हणून. बोलता बोलता तो मागे राहिला. मी थांबलो. तो पाठीमागून वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आला आणि पाण्याचं बोलणं तिथून पुढे चालू केलं.